कमी कर्बोदकांचे सॅलड आणि घरी केलेले दाट ड्रेसिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन माणसांच्या जेवणाला पुरेल असे सॅलड आणि त्यासाठी चक्क्याचे, अंड्याचे, दाण्याचे किंवा नारळाचे दाट ड्रेसिंग, एवढ्याच विषयाची ही प्रश्नोत्तरे आहेत. चमचा म्हटले की चहाचा आणि मोठा चमचा म्हटले की साधारण १५ मिलिलिटरचा, असे धरावे. कर्बोदकांचे आकडे वेगळा उल्लेख नसेल तेथे खाण्याजोग्या १०० ग्रॅम पदार्थाचे आहेत आणि ते ढोबळ आहेत. भाजीची जात, ऋतू आणि तिचा कोवळेपणा यांनुसार ते थोडेफार बदलतात.

कमी कर्बोदकांचे म्हणजे नेमके किती?

सर्वांना मान्य अशी एकच मर्यादा नाही. दिवसभरात सुमारे १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके पोटात जात असतील, तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणण्याचा प्रघात आहे आणि किटो आहारात हेच प्रमाण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणले जाते. २५ ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण १८ ग्रॅम आणि १५० ग्रॅम शिजलेल्या भातात ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, हे लक्षात घेतले की अंदाज बांधणे सोपे जाते. पुढे दिलेल्या प्रमाणाने केलेल्या सॅलडमधून, ड्रेसिंग धरून, माणशी १३ ते १४ ग्रॅम कर्बोदके मिळतात आणि त्यांतले तीन-साडेतीन ग्रॅम केवळ तंतुमय भाग असतो.

आमच्याकडे रोज कोशिंबीर होतेच. तिच्यात आणि या सॅलडमध्ये फरक तो काय?

फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. काकडीची, कोबीची किंवा मुळ्याची दह्यातली कोशिंबीर, वरची चिमूटभर साखर वगळली तर, मुळातच कमी कर्बोदकांची असते. कमी कर्बोदकांचे खायचे म्हणून सगळेच परदेशी भाज्यांच्या टोपलीतून आणले पाहिजे, हा गैरसमज आहे. मात्र कोशिंबीर हा ताटाच्या डाव्या बाजूचा पदार्थ आहे. ती दोन चमचे वाढली जाते आणि पोट भरण्याचे काम पोळी-भाताकडे असते. पोळी-भात बाजूला ठेवून सॅलडवरच जेवण भागवायचे असेल, तर त्यात प्रथिने आणि स्निग्धांश पुरेसे असावे लागतात, नाहीतर दीड तासात माणूस फरसाणाच्या डब्यापाशी उभा असतो. शिवाय कोशिंबिरीला सुटलेले पाणी दह्यात मुरते आणि ते चालून जाते, तर पानांच्या सॅलडमध्ये तेच पाणी सगळा पदार्थ बिघडवते. दाट ड्रेसिंगची खरी कसोटी या पाण्याशीच आहे, त्यामुळे पुढच्या बऱ्याच उत्तरांत त्याचा उल्लेख येईल.

कोणत्या भाज्या घ्याव्यात?

लेट्यूस, काकडी, मुळा, टोमॅटो आणि बटण मशरूम यांत ३ ते ४ ग्रॅम, हिरव्या ढोबळी मिरचीत साडेचार, तर कोबी आणि ब्रोकोली यांत सहा-साडेसहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणून या भाज्या मोकळ्या हाताने घ्याव्यात. कांदा, गाजर आणि बीट ९ ते १० ग्रॅमच्या घरातले आहेत. ते वर्ज्य नाहीत, पण सॅलडचा मुख्य भाग त्यांचा नसावा. चार चकत्या कांद्याने काही बिघडत नाही. खरी गफलत होते ती मक्याच्या दाण्यांत आणि उकडलेल्या बटाट्यात, कारण दोन्हींत जवळजवळ १९ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात. उकडलेले छोले तर २७ ग्रॅमपर्यंत जातात. फळांपैकी डाळिंबाच्या दाण्यांत १९, द्राक्षांत १८ आणि सफरचंदात १४ ग्रॅम असतात. मुगाला घरी आणलेले मोड बाजारातल्या लांब, पांढऱ्या, पाणीदार मोडांपेक्षा कर्बोदकांनी जास्त असतात, तेव्हा ते मूठभरच घालावेत.

मूळ प्रमाण काय?

दोघांसाठी लेट्यूस १०० ग्रॅम, काकडी १५० ग्रॅम, बारीक चिरलेला कोबी १०० ग्रॅम, ढोबळी मिरची ५० ग्रॅम, पनीर १०० ग्रॅम आणि भाजून अर्धवट कुटलेले शेंगदाणे २० ग्रॅम घ्यावेत. पनीरऐवजी दोन-तीन उकडलेली अंडी किंवा १५० ग्रॅम शिजवलेले कोंबडीचे मांस घेतले, तर कर्बोदके आणखी थोडी घटतात. पनीर कच्चे घालण्यापेक्षा तव्यावर थेंबभर तेलात दोन्ही बाजूंनी परतून, गार करून घालावे, म्हणजे त्याचे तुकडे ड्रेसिंगमध्ये विरघळल्यासारखे होत नाहीत.

ड्रेसिंगसाठी चक्का १०० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, लिंबाचा रस एक ते दीड चमचा, फेसलेली मोहरी अर्धा चमचा, लसणाची एक पाकळी, चिरलेली कोथिंबीर, मीठ आणि ताजी मिरपूड घ्यावी. लसूण मिठाबरोबर ठेचून घ्यावा. चक्का रवीने किंवा तारेच्या फेटणीने गुळगुळीत होईपर्यंत फेटावा, त्यात मोहरी, लसूण आणि लिंबाचा रस मिसळावा आणि शेवटी तेलाची बारीक धार सोडत फेटत राहावे. इतके झाले की मगच पाणी, तेही एकेक चमचा घालत, हवे तेवढे सैल करावे. ड्रेसिंगमध्ये चमचा बुडवून उलटा धरावा आणि त्याच्या पाठीवरून बोट ओढावे. बोटाची रेघ तशीच राहिली, कडेने ओघळून बुजली नाही, तर दाटपणा बेताचा जमला. हे सगळे मिक्सरच्या छोट्या भांड्यात करू नये, कारण जोराने फिरवल्यावर चक्का पातळ होतो आणि मग तो पूर्ववत करायला नव्याने टांगण्यावाचून मार्ग उरत नाही.

मोहरी फेसलेलीच का? पूड चालणार नाही का?

पूड चालते, पण फेसलेल्या मोहरीने येणारी सणक वेगळी असते आणि ती नाकात चढणारी सणकच साखरेची उणीव भरून काढते. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार अवस्थेत नसतो. दाणा फुटून त्याचा पाण्याशी संबंध आला की आतल्या विकराचे (एन्झाइमचे) काम सुरू होते आणि त्यातून तो झणका निर्माण होतो. म्हणून चमचाभर मोहरी खलबत्त्यात कोरडी कुटून, त्यावर दोन चमचे साधे पाणी घालून पाच-दहा मिनिटे घोटावी. गरम पाणी घातल्यास विकर निकामी होतो आणि मोहरी नुसती कडू लागते. लिंबाचा रसही आधी घालू नये, कारण आंबटपणाने झणका वाढण्याची क्रिया मंदावते. झणका चढला, डोळ्यांत पाणी आले, की मग लिंबू घालावे. मोहरीचा आणखी एक उपयोग असा, की तिच्यातला चिकट अंश तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला मदत करतो.

चक्का घरी करताना आंबट होतो. काय करावे?

मुंबईच्या हवेत फडके रात्रभर नळाला टांगून ठेवणे हेच त्याचे कारण आहे. ती पद्धत पुण्याच्या थंडीत ठीक आहे. दादरच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात सकाळपर्यंत दही फसफसायला लागते. ताज्या, गोडसर, साय न काढलेल्या दुधाच्या अर्ध्या किलो दह्याचा चक्का फ्रिजमध्येच करावा. पातेल्यावर चाळणी, चाळणीत ओले करून पिळलेले मलमलचे दुपदरी फडके, त्यात दही, फडक्याची टोके आत दुमडून वर एक ताटली आणि ताटलीवर वजनाला वाटी, एवढी मांडणी पुरते. चार-पाच तासांत दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का मिळतो. श्रीखंडाला लागतो तितका कोरडा चक्का येथे नको. फडके उघडल्यावर गोळा सुटून यावा, पण बोटाने दाबल्यास मऊ लागावा.

दह्यातली दुधाची साखर विरजणातल्या जिवाणूंनी काही प्रमाणात आधीच खाल्लेली असते आणि उरलेलीतली बरीचशी निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून चक्का हा केवळ दाटपणासाठी नव्हे, तर कर्बोदकांच्या हिशेबातही साध्या दह्यापेक्षा उजवा ठरतो.

विकतचा चक्का किंवा ग्रीक योगर्ट चालेल का?

चालेल. दुग्धालयातून चक्का घेताना तो साखर न मिसळलेला आहे, एवढे विचारून घ्यावे. ग्रीक योगर्टच्या डब्यावर फळाचे चित्र असेल तर तो उचलूच नये, आणि साधा असला तरी घटकांची यादी वाचावी, कारण काही उत्पादने दही टांगून नव्हे तर स्टार्च किंवा दुधाची भुकटी घालून दाट केलेली असतात.

अंड्याचे मेयॉनीज घरी जमते का? प्रत्येक वेळी फाटते.

जमते. अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा घटक असतो. त्याचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब लिंबाच्या पाणीदार रसात विखुरलेले राहतात आणि मिश्रण दाट होते. तेल एकदम ओतले तर हे थेंब पुरेसे बारीक होण्याआधीच एकमेकांना जाऊन मिळतात, वर तेल आणि खाली पिवळे पाणी असा प्रकार होतो, आणि यालाच आपण फाटणे म्हणतो. एका बलकाला अर्धा चमचा मोहरी, एक चमचा लिंबाचा रस आणि साधारण १५० मिलिलिटर तेल घ्यावे. सगळे जिन्नस खोलीच्या तापमानाला असावेत. पहिले दोन-तीन मोठे चमचे तेल अक्षरशः थेंबाथेंबाने घालावे. मिश्रण फिकट होऊन जड वाटू लागले की मग बारीक धार सोडता येते.

फाटलेच तर फेकू नये. स्वच्छ वाडग्यात नवा बलक किंवा एक चमचा मोहरी आणि चमचाभर कोमट पाणी घेऊन त्यात फाटलेले मिश्रण, जणू तेच तेल आहे असे समजून, थेंबाथेंबाने फेटत घालावे. बहुतेक वेळा ते पुन्हा जुळून येते.

तेल शक्यतो उग्र वास नसलेले घ्यावे. घाण्याचे शेंगदाणा तेल चक्क्याच्या ड्रेसिंगमध्ये फार छान लागते, पण मेयॉनीजमध्ये त्याचाच वास पुढे येतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरच्या वेगाने फिरवल्यास कडवट होते, तेव्हा ते घालायचेच असेल तर शेवटी हाताने फेटून घालावे.

कच्चे अंडे खाणे सुरक्षित आहे का?

पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, आणि गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्ती यांना तो अधिक त्रासदायक ठरतो. त्यांच्यासाठी, आणि खरे तर मुंबईच्या उकाड्यात सगळ्यांसाठीच, उकडलेल्या बलकाचे ड्रेसिंग हा चांगला पर्याय आहे. दोन अंडी दहा-बारा मिनिटे उकडून बलक वेगळे करावेत आणि बारीक चाळणीतून दाबून घ्यावेत. त्यात अर्धा चमचा मोहरी, एक चमचा लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे चक्का घालून, चार मोठे चमचे तेल हळूहळू फेटत मिसळावे. उरलेला पांढरा भाग चिरून सॅलडमध्येच जातो, त्यामुळे काही वाया जात नाही. कच्च्या बलकाच्या मेयॉनीजइतके हे तकतकीत दिसत नाही, पण चवीला मला हेच अधिक भरीव वाटते.

शाकाहारी घरांसाठी बिनअंड्याचे मेयॉनीज?

थंडगार दूध एक भाग आणि तेल दोन भाग उभ्या भांड्यात घेऊन हँड ब्लेंडर तळाशी टेकवून चालू करावा आणि मिश्रण दाटू लागल्यावरच तो हळूहळू वर आणावा. लिंबाचा रस, मीठ आणि मोहरी शेवटी. येथे एकत्र धरण्याचे काम दुधातली प्रथिने करतात. जैन पद्धतीचे हवे असल्यास लसूण वगळून चिमूटभर हिंग घालावा.

बाजारात बिनअंड्याचे मेयॉनीज तयार मिळते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

बाटली उलटी करून मागची यादी वाचली की या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच मिळते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि अशा उत्पादनांत तेल-पाण्याच्या पाठोपाठ साखर आणि स्टार्च यांची नावे वारंवार दिसतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दाखवावी लागते. ती ओळ आधी पाहावी. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव साखरेच्या रकान्यात येत नाही, पण ते स्टार्चपासूनच केलेले असते आणि झपाट्याने पचते. थोडक्यात, पाने आणि काकडी यांत कर्बोदके शोधत बसणारे लोक ती बाटलीतून ओतून घेतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत किटो लिहिलेल्या महागड्या बाटल्यांच्या बाबतीतही मागची यादी वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

साखरेऐवजी गूळ किंवा मध?

गूळही साखरच आहे. एक चमचा मधात जवळजवळ ६ ग्रॅम कर्बोदके असतात. चिमूटभर साखरेने मात्र आकाश कोसळत नाही. चव जुळण्यासाठी ती घालावीशी वाटली तर मोजून घालावी आणि पुढे जावे.

दूध आणि अंडी दोन्ही चालत नाहीत. मलईदारपणा कशाने आणावा?

दोन चांगले पर्याय आपल्या घरातच आहेत. पहिला भाजलेल्या शेंगदाण्यांचा. साले काढलेले ४० ग्रॅम दाणे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, निथळून, लिंबाचा रस, लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि चार-पाच मोठे चमचे पाणी घालून अगदी गंधासारखे वाटावेत. दाण्यांत १०० ग्रॅममागे १६ ग्रॅम कर्बोदके असली तरी त्यांतली निम्मी तंतुमय असतात. काजूची पेस्ट अधिक गुळगुळीत होते हे खरे, पण काजूत कर्बोदके जवळजवळ ३० ग्रॅम आहेत, म्हणून येथे दाणेच बरे.

दुसरा नारळाचा, आणि माझ्या मते मासे किंवा कोळंबी घातलेल्या सॅलडला याच्यासारखे ड्रेसिंग नाही. नारळाचे पहिले दाट दूध काढून ते दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. वर साकळलेली साय तेवढी घ्यावी. अर्धी वाटी सायीला एक चमचा कोकमाचे आगळ, ठेचलेली लसणाची अर्धी पाकळी, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून फेटावे. आगळात मीठ असतेच, त्यामुळे चव घेतल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये. सोलकढीचा फिकट गुलाबी रंग येतो आणि खाली काय आहे हे कोणी विचारत नाही. हे ड्रेसिंग त्याच दिवशी संपवावे.

हॉटेलात मिळणारे सीझर आणि रँच घरी कमी कर्बोदकांचे करता येतात का?

दोन्ही मुळात फारशी गोड नाहीत. सीझर सॅलडचे श्रेय सामान्यतः मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात उपाहारगृह चालवणाऱ्या सीझर कार्दिनी यांना आणि १९२४ या वर्षाला दिले जाते. त्यात कर्बोदके येतात ती तळलेल्या पावाच्या तुकड्यांतून. पावाऐवजी भाजलेले शेंगदाणे किंवा तव्यावर कुरकुरीत केलेला चीजचा पापुद्रा घालावा. रँच हे अमेरिकेतले ताकाच्या चवीचे ड्रेसिंग आहे. वरच्या चक्क्याच्या ड्रेसिंगमध्ये पाण्याऐवजी आंबट ताक आणि कोथिंबिरीच्या जोडीला शेपूची कोवळी पाने घातली की त्याच्या पुष्कळ जवळ जाणारी चव मिळते. शेपू घरात कोणाला आवडत नाही, अशी तक्रार असणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

सॅलडला पाणी सुटते आणि ड्रेसिंग तळाशी जाते. उपाय काय?

काकडी आणि टोमॅटो यांत ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि मीठ लागताच ते पेशींतून बाहेर ओढले जाते. त्यामुळे मीठ असलेले ड्रेसिंग अर्धा तास आधी कालवून ठेवले, तर ते कितीही दाट असले तरी पातळ होणारच. काकडी उभी चिरून बियांचा गर चमच्याने काढून टाकावा, फोडींना अर्धा चमचा मीठ लावून त्या पंधरा-वीस मिनिटे चाळणीत ठेवाव्यात आणि मग हातानेच दाबून पिळाव्यात. एवढ्याने वाटीत जमणारे पाणी पाहिले की पूर्वी ते सगळे ड्रेसिंगमध्ये जात होते, हे पटते. ही काकडी खारट असते, म्हणून ड्रेसिंगमध्ये मीठ बेताने घालावे. काकडी चोचवून घालण्याची आपली पद्धत खमंग काकडीसाठी उत्तम आहे, पण येथे ती उपयोगाची नाही, कारण जितक्या पेशी चिरडतील तितके पाणी अधिक सुटते.

पानांचे पाणी ही दुसरी बाजू. ओल्या पानावर तेलकट ड्रेसिंग चिकटत नाही, ते घसरते. पाने धुऊन रोळीत निथळू द्यावीत आणि मग स्वच्छ पंच्यात मोकळी पसरून, चारही टोके मुठीत धरून, गॅलरीत उभे राहून पाच-सहा वेळा जोरात गरगर फिरवावीत. खाली कोणाचे कपडे वाळत घातलेले नाहीत ना, तेवढे आधी पाहावे. यासाठी वेगळे यंत्रही मिळते, पण वन-रूम-किचनमध्ये त्याला जागा देण्याइतके त्याचे काम मोठे नाही.

कालवताना आधी कोबी, मिरची आणि पनीर ड्रेसिंगमध्ये घोळवावे, मग काकडी आणि सर्वांत शेवटी, ताटात घेण्याच्या क्षणी, पाने.

मुंबईत ही पाने कोठे घ्यावीत? लेट्यूस महाग पडते.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि वांद्र्याच्या पाली मार्केटमध्ये लेट्यूस, ब्रोकोली, रंगीत मिरच्या वर्षभर दिसतात. दादर स्थानकाच्या पश्चिमेच्या भाजीबाजारातही ढोबळी मिरची, मशरूम आणि बऱ्याचदा लेट्यूसही मिळते. पण लेट्यूस नसले म्हणून अडत नाही. कोवळा मुळ्याचा पाला, बारीक चिरलेला कोबी आणि पालकाची लहान पाने एकत्र केली की उत्तम मिश्रण होते. विशेष सांगावीशी वाटते ती समुद्र मेथी, म्हणजे वाळूत पेरून चार-दोन दिवसांची रोपे असतानाच मुळांसकट उपटलेली, दोन-तीन बोटांच्या जाडीच्या जुड्यांनी विकली जाणारी बारीक मेथी. तिचा किंचित कडवटपणा दाट चक्क्यासमोर फार खुलतो. जुडीची मुळे कापून टाकावीत आणि उरलेला भाग पाणी बदलत, तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत धुवावा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी कच्चा पालक टाळावा, कारण त्यात ऑक्झलेट भरपूर असते.

पावसाळ्यात कच्च्या पालेभाज्या खाव्यात का?

जून ते सप्टेंबर पाने चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी येतात. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने अळ्या आणि किडे सुटून येतात, मात्र त्याने जिवाणू मरतात असे समजू नये. खरा उपयोग वाहत्या, पिण्यायोग्य पाण्याखाली एकेक पान चोळून धुण्याचा होतो. एवढी खात्री नसेल तर त्या महिन्यांत कच्च्या पानांचा हट्ट सोडावा आणि फरसबी, ब्रोकोली, कोबी उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे टाकून, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून, कोरडी पुसून त्यांचेच सॅलड करावे. दाट ड्रेसिंग अशा भाज्यांना पानांपेक्षाही चांगले धरते.

कोबीतल्या किड्याची भीती वाटते.

भीती निराधार नाही, पण ती कोबीपुरती मर्यादित नाही. दूषित मातीतून किंवा पाण्यातून पट्टकृमीची अंडी कोणत्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. कोबीची बाहेरची तीन-चार पाने काढून टाकावीत, गड्डा चार भागांत कापून पदर सुटे करून धुवावेत. तरीही मन धजत नसेल तर शिजवूनच खावा.

ऑफिसच्या डब्यात नेता येईल का?

येईल, पण ड्रेसिंग वेगळ्या, घट्ट झाकणाच्या बाटलीतच न्यावे. पाने मोकळी, कोरडी, डब्यात तळाला कागदी रुमाल घालून ठेवावीत आणि पनीर-अंडी तिसऱ्या कप्प्यात. दूध-अंड्याचे पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याचा प्रवासच ती संपवतो. म्हणून ड्रेसिंगची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, बर्फाची पिशवी असलेल्या डब्यातून न्यावी आणि ऑफिसात पोहोचताच तेथल्या फ्रिजमध्ये टाकावी. डबा डबेवाल्याबरोबर जाणार असेल तर दाण्याचे ड्रेसिंग निवडावे, आणि तेही सकाळी ताजे वाटलेले.

ड्रेसिंग किती दिवस टिकते?

फ्रिजमध्ये चक्क्याचे तीन दिवस, शेंगदाण्याचे दोन, उकडलेल्या बलकाचे दोन आणि कच्च्या बलकाचे केलेल्या दिवशीच. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर कधीही साठवू नये. हवाबंद तेलात बोट्युलिझम या घातक विषबाधेच्या जिवाणूंना पोषक स्थिती मिळते.

एवढे तेल घालून वजन कसे कमी होणार?

एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, तेव्हा कर्बोदके नाहीत म्हणून तेल मोजायचे नाही, असा अर्थ होत नाही. दुसरीकडे, तेल पूर्ण वगळणेही योग्य नाही, कारण पानांतली आणि टोमॅटोतली कॅरोटिनॉइड्स, तसेच के जीवनसत्त्व, स्निग्धांशाबरोबरच नीट शोषली जातात. रोजच्यासाठी चक्क्याचे ड्रेसिंग आणि कधीमधी मेयॉनीज, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

मधुमेह आहे. पोळी-भात बंद करून रोज हेच खाल्ले तर?

औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर कर्बोदके एकदम कमी केल्यास धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याच्या गंभीर अवस्थेचा, धोका वाढतो. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियम आणि प्रथिने यांचा हिशेब आहारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावा.

उपवासाला चालेल का?

काकडी, दाणे, नारळ, दही, हिरवी मिरची, लिंबू आणि सैंधव एवढ्यावर चांगले उपवासाचे सॅलड होते. मोहरी आणि लसूण वगळावा. कर्बोदकांच्या दृष्टीने साबुदाण्यापेक्षा ते कितीतरी बरे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

चक्क्याच्या निवळीचे काय करावे?

फेकू नये, पण ड्रेसिंग सैल करायलाही वापरू नये, कारण टांगून बाहेर काढलेली दुधाची साखर त्यातच असते. घरातल्या इतरांसाठी कणीक भिजवताना किंवा आमटी-कढीत ती घालावी. फ्रिजमध्ये दोन दिवस राहते.